आठ थेंब, रोज दोनदा

औषधांची लेबलं छापणाऱ्या त्या छापखान्यात तिला सगळे भिंगताई म्हणत. अकरा वर्षं ती एकाच टेबलाशी बसत होती. खिडकीकडे पाठ, डोक्यावर पांढरा दिवा, डाव्या हाताला मंजूर झालेला नमुना आणि उजव्या हाताला मशीनवरून नुकतंच उतरलेलं लेबल. दोन्ही भिंगाखाली धरून ती अक्षर न् अक्षर ताडून बघायची. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं. एकदा तिनं दशांशचिन्ह एक घर सरकलेलं पकडलं होतं. अडीचचं पंचवीस झालं होतं आणि चाळीस हजार लेबलं कापून तयार होती. मालकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि मशीनवाल्यानं आठवडाभर तिच्याशी अबोला धरला.

त्या वर्षी छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत एकच विषय असायचा. सरकारनं गांजाचा कायदा बदलायचं मनावर घेतलं होतं. समिती नेमली होती, लोकांची मतं मागवली होती, आणि मत नाही असा माणूस शोधून सापडत नव्हता. कटिंगवरची बाई म्हणायची, शेवटच्या दोन महिन्यांत तिच्या बापाला कुणी चार झुरके घेऊ दिले असते तर तो निदान दोन घास जेवला असता. मशीनवाल्याला हे अजिबात पटत नसे. दारू खुली करून काय दिवे लावलेत, म्हणायचा, आता त्यात ही भर. त्याच्या इमारतीतला एक पोरगा सहा महिने जिन्यात बसून होता, आईलाही ओळखेना. हिशेबनीस चष्मा पुसत म्हणायचा, खुलं केलं तर आत काय आहे ते लेबलावर लिहावं तरी लागेल, आणि ती लेबलं आपल्याकडेच येतील. मग सगळे हसत. भिंगताईला कुणी विचारलं तर ती म्हणे, मला बाई त्यातलं काही कळत नाही, आणि डबा धुवायला उठे.

नळाखाली हात धरून ती जरा जास्तच वेळ उभी राहायची. तिच्या घरी, बाथरूमच्या कपाटात वरच्या फळीवर, त्याच झाडाच्या तेलाची बाटली होती.

तेल मुलीसाठी होतं. मुलगी सात वर्षांची, घरातलं नाव बिट्टी. अडीच वर्षांची असताना तिला पहिला झटका आला, आणि मग ते थांबेचनात. कधी नुसती नजर एका जागी खिळायची, कधी हातपाय ताठ व्हायचे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उभ्या उभ्या ती दोरी कापल्यासारखी खाली पडायची. घरात टेबलांच्या कोपऱ्यांना फोम लावलेला होता. बिट्टी शाळेत हेल्मेट घालून जायची. चार औषधं झाली, वर पाचवं सुरू झालं. भिंगताई एका वहीत झटके लिहून ठेवायची. वाईट दिवशी तीस, बऱ्या दिवशी बारा. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. एकदा वही चाळता चाळता त्या म्हणाल्या होत्या की काही देशांत गांजापासून काढलेलं एक शुद्ध तेल अशा मुलांना देतात, काहींना चांगला गुण येतो, काहींना काहीच नाही. पण इथं ते लिहून देण्याची त्यांना परवानगी नव्हती. एवढं बोलून त्यांनी विषय बंद केला.

भिंगताईच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. चार महिन्यांनी, दुसऱ्या एका मुलाच्या आईच्या ओळखीनं, ती एका निवृत्त रसायनशास्त्राच्या मास्तरांकडे पोचली. मास्तरांची बायको कर्करोगानं गेली होती. तिच्यासाठी ते घराच्या मागच्या खोलीत तेल काढायला शिकले, आणि ती गेल्यावर इतरांसाठी काढत राहिले. माणूस सरळ होता. पहिल्याच दिवशी म्हणाले, "माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही. मी अंदाजानं करतो. कमीपासून सुरू करा."

तिनं दोन थेंबांपासून सुरू केलं आणि हळूहळू आठवर नेलं. आठ सकाळी, आठ संध्याकाळी. दोन महिन्यांत वहीतले आकडे खाली आले. बारा, सात, चार. मग एक अख्खा आठवडा असा गेला की वहीत फक्त तारखा होत्या. बिट्टी पूर्ण वाक्यं बोलायला लागली. एका रविवारी तिनं हेल्मेट काढून स्वतः केस विंचरले, आणि भिंगताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. नवऱ्याला हे सगळं माहीत होतं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. स्वभावानं मोजकं बोलणारा. त्यानं एकदाच विचारलं, सापडलो तर? तिनं बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही.

घरात एका माणसाला मात्र हे कळू द्यायचं नव्हतं. तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बिट्टीचा मामा.

मामा एकोणीस वर्षांचा असताना मित्रांच्या नादानं गांजा ओढायला लागला. आधी सुट्टीच्या दिवशी, मग रोज, मग उठल्याउठल्या. वर्षभरात त्याला पंख्यातून कुणीतरी आपलं बोलणं टिपून घेतंय असं वाटायला लागलं. एकदा त्यानं घरातल्या सगळ्या वायरी कापल्या. दोन महिने तो मानसोपचाराच्या वॉर्डात होता. तिथले डॉक्टर म्हणाले, आजाराचं बी कदाचित त्याच्यात आधीच असेल, नेमकं कुणी सांगू शकत नाही, पण गांजानं त्याला खतपाणी मिळालं हे नक्की. त्याला पुन्हा गांजाच्या जवळपासही फिरकू देऊ नका. आता मामा सव्वीसचा होता आणि साडेतीन वर्षं त्यानं कशालाही हात लावला नव्हता. बेकरीत सकाळची पाळी करायचा, दुपारी बिट्टीला शाळेतून आणायचा, रात्री नऊला दोन गोळ्या घेऊन झोपायचा. गोळ्यांनी त्याचं अंग सुटलं होतं आणि हात किंचित थरथरायचे, पण घड्याळ लावावं इतका तो वक्तशीर होता. बिट्टीला कुणाच्याही कडेवरून मामाकडे जायचं असायचं.

म्हणून भिंगताईनं छापखान्यातून बाद झालेलं एक लेबल आणलं आणि त्या बाटलीवर चिकटवलं. 'कानात घालण्याचे थेंब.' आयुष्यात तिनं चिकटवलेलं ते पहिलं खोटं लेबल. बिट्टीला थेंब देताना ती बाथरूमचं दार लावून घ्यायची.

अधूनमधून मामा काहीतरी चमत्कारिक विचारायचा. एकदा बिट्टीला झोपवून बाहेर आला आणि दारातच थांबून म्हणाला, ताई, घरात कसला वास येतोय का? ती म्हणाली, नाही तर. तो बरं म्हणून खोलीत गेला. महिन्याभरानं त्यानं पुन्हा तेच विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि त्या दिवसापासून बाटलीभोवती प्लास्टिकची आणखी एक पिशवी गुंडाळली.

असे चौदा महिने गेले.

मग एका बुधवारी ती मास्तरांकडून नवी बाटली घेऊन आली आणि तिच्यावरही तसंच लेबल चिकटवलं. तेल जरा काळपट आणि दाट दिसत होतं. मास्तर म्हणाले होते, या वेळी झाडं वेगळ्या माणसाकडून आलीत, पण तेच आहे. गुरुवारी सकाळी तिनं बाटली उजेडात धरली. छापखान्यात शाईचा रंग एवढा बदलला असता तर तिनं मशीन थांबवलं असतं. पण बिट्टीची शाळेची वेळ झाली होती, एक बूट सापडत नव्हता, आणि जुनी बाटली तळाला गेली होती. तिनं मोजून आठ थेंब दिले.

साडेअकराला शाळेतून मामाला फोन गेला की बिट्टी पेंगतेय, घेऊन जा. झटक्यानंतर ती नेहमीच झोपायची, म्हणून त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि घरी आणून निजवलं. दीडच्या सुमाराला त्यानं छापखान्यात फोन केला. भिंगताई फोनवर आली तेव्हा तो हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत होता. घाबरला की तो असाच बोलायचा. "ताई, ही नेहमीची झोप नाही. डोळे लाल आहेत. छाती फार जोरात उडतेय. मध्येच हसते, पण हाक मारली तर ओ देत नाही. मी हिला हॉस्पिटलात नेतोय."

भिंगताईनं दिवासुद्धा बंद केला नाही. बसमध्ये तिला बसायला जागा होती, पण ती दाराशी दांडा धरून उभी राहिली. काय झालंय ते तिला माहीत होतं. ते खरं नसावं म्हणून ती दुसरी कारणं शोधत होती. ताप असेल. शाळेत काही खाल्लं असेल. आणि त्याच दमात ती असाही विचार करत होती की विचारलं तर काय सांगायचं.

मुलांच्या विभागात बिट्टीला पडद्याआड ठेवलं होतं. बोटाला चिमटा, हाताला सलाईन, नाकाशी नळी. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डॉक्टरीणबाई परगावी होत्या. ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी झटक्यांचं विचारलं, औषधांचं विचारलं, आणखी काही देता का म्हणून विचारलं. भिंगताईनं पाचही औषधांची नावं आणि मिलिग्रॅम घडाघडा सांगितले. आणखी काही नाही, म्हणाली. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

तासाभरानं नवरा आला, कपाळाला ग्रीस तसंच. तेवढ्यात डॉक्टर पडद्याबाहेर आले आणि तिघांना कॉरिडॉरच्या टोकाला घेऊन गेले.

"मुलीच्या लघवीत गांजा सापडलाय," ते म्हणाले. "घरी दुपारी तिच्याजवळ कोण असतं?"

मामा म्हणाला, मी असतो. डॉक्टरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. हॉस्पिटल तेच होतं, आणि सहा वर्षांपूर्वीची मामाची फाइलही तिथंच होती. कुणीतरी ती काढली होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, तू अजून ओढतोस का, घरात कुठे ठेवलेलं असतं का, मुलीच्या हाती लागलं असेल का. प्रत्येक प्रश्नाला मामानं नाही म्हटलं. तिसऱ्या नाहीला त्याचे हात थरथरायला लागले. ते गोळ्यांनी थरथरतात हे भिंगताईला माहीत होतं. डॉक्टरांना नव्हतं. शेवटी ते म्हणाले, तुझीही तपासणी करू, म्हणजे प्रश्न मिटेल. नर्सनं झाकणाची एक छोटी डबी त्याच्या हातात दिली. त्यानं बहिणीकडे पाहिलं. रागानं नाही, तिनं मान हलवावी, आहे मी, एवढंच म्हणावं म्हणून. ती फरशीकडे बघत राहिली. तो डबी घेऊन गेला.

नवऱ्यानं तिचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, "गप्प राहा. त्याच्यात काही निघणार नाहीच. सुटेल तो. आपण बोललो तर बिट्टीला घेऊन जातील."

तिलाही हेच वाटत होतं, आणि तिच्याच मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला शिसारी आली. तरी ती गप्प राहिली. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. ती गप्प राहिली ती अठरा मिनिटं. पुढे कितीतरी दिवस ती अठराच्या आकड्याजवळ अडखळायची.

डॉक्टर पुन्हा नर्सशी बोलत होते. एकदाच चुकून पोटात गेलंय असं धरू, ते म्हणत होते, उद्यापर्यंत उतरेल. मग संध्याकाळचं झटक्यांचं औषध नेहमीएवढं तर द्याच, आणि आज झटका येऊ नये म्हणून वर थोडं वाढवू.

ते शब्द ऐकून तिला एकदम भान आलं. एकदाच नव्हतं गेलेलं. चौदा महिने रोज दोनदा जात होतं, त्या पाच औषधांबरोबर. तेलानं त्यातल्या एखाद्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं आणि वाचूनही बाजूला ठेवलं होतं. वर आणखी वाढवलं असतं तर मुलगी श्वास घ्यायचीच विसरली असती.

तिनं नवऱ्याच्या हातातून मनगट सोडवलं.

"मी देते," ती म्हणाली. "तेल. आठ थेंब, रोज दोनदा. चौदा महिने झाले. काल नवी बाटली आणली."

डॉक्टर वळले. "त्यात काय आहे? किती प्रमाण आहे?"

"माहीत नाही."

"अंदाजे तरी?"

"माहीत नाही, डॉक्टर."

पिशवीतून तिनं बाटली काढली. बसमध्ये ती एवढा वेळ दांडा धरून उभी होती ती दुसरा हात पिशवीत त्या बाटलीवर ठेवून. सकाळी घाईत बाटली बरोबरच राहिली होती. डॉक्टरांनी ती घेतली, त्यावरचं लेबल वाचलं, आणि तिच्याकडे असं पाहिलं की तिला मशीनवाल्याचा तो आठवडाभराचा अबोला परवडला असता.

मामा तिच्या मागे उभा होता. कधी आला ते तिला कळलं नव्हतं. त्यानं झाकण लावलेली डबी काळजीपूर्वक काउंटरवर ठेवली आणि नर्सला विचारलं, "ही आता लागेल का, की टाकून देऊ?"

पुढचं सगळं भराभर झालं. औषधं बदलली, कुणीतरी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, बिट्टीला दर पंधरा मिनिटांनी तपासायला लागले. संध्याकाळी सहाला तिनं डोळे उघडले आणि हेल्मेट कुठाय म्हणून विचारलं. भिंगताईचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही, कारण तोवर बालसुरक्षा कार्यालयाची बाई येऊन बसली होती. बाईनं एक लांबलचक फॉर्म भरला. तेल कुठून आणलं या प्रश्नापाशी भिंगताई थांबली. बाई म्हणाली, आज नाही सांगितलंत तरी चालेल, पण पोलीस विचारतील तेव्हा सांगावं लागेल. तोपर्यंत घरी आगाऊ न कळवता भेटी होतील, आणि मुलगी तुमच्याकडे ठेवायची की नाही ते नंतर ठरेल.

मामा कॉरिडॉरमधल्या बाकावर बसला होता. भिंगताई त्याच्या शेजारी जाऊन बसली. माफ कर म्हणायचं होतं, पण त्याआधी तोच बोलला.

"मला तो वास यायचा. तिच्या उशीला. तिनं जांभई दिली की. तुला विचारलं तर तू नाही म्हणालीस."

"हो."

"मला वाटलं, आजार परत आला. आधी असंच सुरू झालं होतं, नसलेल्या गोष्टींपासून. मी माझ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं, मला नसलेला वास येतो. त्यांनी गोळी वाढवली. आठ महिने झाले, ताई. बेकरीत मला वजनाचे आकडे दिसत नाहीत नीट. मी स्वतःला म्हणायचो, वास नाही, वास नाही, आणि तिला थोपटायचो. मघाशी तू गप्प बसलीस ना, ते मी समजू शकतो. तुझी मुलगी आहे. पण ते दोनदा 'नाही तर' म्हणालीस, ते मला कळत नाही."

उत्तराची वाट न बघता तो उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपले कपडे दोन पिशव्यांत भरले आणि तो बेकरीच्या वरच्या खोलीत राहायला गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं नवरा म्हणाला. नवरा-बायकोत पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होतं.

तेल अर्थातच बंद झालं. तिसऱ्या दिवशी वहीत पाच झटके होते, आठव्या दिवशी अकरा, दोन आठवड्यांनी चोवीस. बिट्टी पुन्हा पडायला लागली. शाळेच्या पायरीवर पडून तिचा पुढचा दात गेला. दारावरची बेल वाजली की भिंगताई आधी मुलीच्या अंगावर कुठे नवी खूण आहे का ते बघायची आणि मग दार उघडायची, कारण बालसुरक्षा कार्यालयातून येणारी बाई खुणा बघायची. मास्तरांचं नाव तिनं सांगितलं नाही. पण बिट्टीचं कळल्यावर आठवड्याभरात मास्तर आपणहून पोलिसांत गेले. त्या नव्या तेलाच्या बाटल्या त्या दिवशी आणखी तीन घरांत गेल्या होत्या, आणि तिथल्या मुलांच्या काळजीनं त्यांना राहवेना. ती मुलं ठीक होती. मास्तरांवर खटला उभा राहिला.

डॉक्टरीणबाई परत आल्यावर आधी तिच्यावर मनसोक्त रागावल्या. मला का नाही सांगितलंत, म्हणाल्या. मग स्वतःच गप्प झाल्या, कारण सांगितलं असतं तर त्यांना ते वर कळवावं लागलं असतं. त्यांनी परदेशातलं तपासलेलं औषध मागवण्यासाठी खास परवानगीचा अर्ज केला. अर्ज एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहिला. आणि त्यांनीच सुचवलं की समितीसमोर जाऊन हे सगळं सांगा.

सुनावणीच्या दिवशी बिट्टीला सांभाळायला कुणी नव्हतं. लिफ्ट अडकल्यानं नवऱ्याला निघता आलं नाही. भिंगताई मुलीला घेऊनच गेली. जुन्या कचेरीचा लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बाकं, हातात नंबराची चिठ्ठी घेतलेली माणसं. समोरच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून मामा बसला होता. त्याच्या दवाखान्यातल्या, व्यसनातून सुटलेल्यांच्या गटानं त्याला बोलायला पाठवलं होतं. तो काय बोलणार ते विचारायची गरज नव्हती. त्याच्या हातात चार पानं होती. सहा आठवड्यांनी ती दोघं एकमेकांना बघत होती. बिट्टी मामा म्हणत धावली, आणि अर्ध्या वाटेत कोसळली.

हेल्मेट फरशीवर आपटल्याचा आवाज झाला आणि कॉरिडॉर शांत झाला. मामा भिंगताईच्या आधी पोचला. पानं खाली टाकून त्यानं बिट्टीला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात दार उघडून कारकुनानं भिंगताईचा नंबर पुकारला.

"मी नंतर येते," ती म्हणाली.

"नंतर नाही, बाई. आज यादी मोठी आहे."

"जा," मामा वर न बघता म्हणाला. "फवारा दे इकडे. पाच मिनिटांवर गेलं तर देतो, मला माहीत आहे. तू जा."

तिनं झटक्याचा नाकातला फवारा त्याच्या हातात ठेवला आणि आत गेली. लांब टेबलामागे सात माणसं होती. तिनं पाठ करून आणलेलं काहीच तिला आठवेना. सगळा जीव कानांत गोळा होऊन दारापाशी गेला होता. बाहेरून कसलाच आवाज येत नव्हता. ती जमेल तसं सांगत गेली. वहीतले आकडे, नवी बाटली, खोटं लेबल, अठरा मिनिटं. भाऊ बाहेर आहे हेही सांगितलं, आणि त्याचं काय झालं तेही. एका सभासदानं विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय, हे सगळ्यांना खुलं करावं?"

तिला मशीनवाला आठवला, कटिंगवरची बाई आठवली. इतके महिने तिनं मनात भाषणं केली होती, पण हा प्रश्न तिनं स्वतःला कधी सरळ विचारला नव्हता.

"एकोणीस वर्षांच्या मुलाला सहज मिळेल असं नको," ती म्हणाली. "पण मला ते चोरून आणावं लागलं, म्हणून मोजता आलं नाही आणि कुणाला विचारता आलं नाही. दोन्ही कसं सांभाळायचं ते मला नाही सांगता येणार. मी लेबलं तपासते. तुम्ही ते ठरवा, आणि लवकर ठरवा. मला आता बाहेर जाऊ द्या."

बाहेर मामा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. बिट्टीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, डोळे उघडे, ओठांच्या कोपऱ्यात थोडी लाळ. दोन मिनिटं चाळीस सेकंद, त्यानं सांगितलं, फवारा लागला नाही. मग त्याचा नंबर पुकारला गेला. भिंगताईनं विखुरलेली पानं गोळा करून त्याच्या हातात दिली आणि त्याच्या जागी बसली. दाराआडून त्याचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. तो एकेक शब्द सुटा करून बोलत होता. एकदा बराच वेळ थांबला, आणि कुणीतरी पाणी द्या म्हणाल्याचं तिनं ऐकलं. मग पुन्हा सुरू झाला. तो तिच्या विरुद्ध बोलत असणार होता, आणि तरी तो अडखळू नये म्हणून ती मुलीचा हात घट्ट धरून बसली होती.

समितीचा अहवाल अजून आलेला नाही. मास्तरांचा खटला चालू आहे. डॉक्टरीणबाईंच्या अर्जाला फक्त एका मुलीपुरती, सहा महिन्यांची, अशी परवानगी मिळाली. सहा महिन्यांनंतर काय, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

पण सुनावणीच्या त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. तिघं जिने उतरून रस्त्यावर आली. बिट्टी पेंगुळलेली होती, मामानं तिला कडेवर घेतलं. बसस्टॉपवर आधी त्याची बस आली. मुलीला बहिणीकडे देताना तो म्हणाला, रविवारी येईन, पण घरात जे काही असेल ते मला आधी सांगायचं. ती हो म्हणाली. बस वळणापर्यंत जाईस्तोवर ती बघत राहिली, आणि मग सवयीनं मुलीच्या डोळ्यांकडे वळली.